एलसीएसडब्ल्यूच्या वाटेवरचं क्लिनिकल सुपरविजन: तास कसे भरायचे आणि त्या तासात करायचं काय

अमेरिकेत एमएसडब्ल्यू (सोशल वर्कमधलं मास्टर्स) करणारी मराठी मुलंमुली आता बरीच दिसायला लागलीत. कुणी टिस, निर्मला निकेतन किंवा पुण्याच्या कर्वे इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेलं असतं, कुणी जोडीदाराबरोबर एच-फोर व्हिसावर आल्यावर आयटी सोडून सोशल वर्ककडे वळलेलं. डिग्री हातात आली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, एलसीएसडब्ल्यूचं, म्हणजे क्लिनिकल सोशल वर्करचं, लायसन्स मिळवायला सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचे ते तीन हजार तास कसे पूर्ण करायचे. प्रश्न बरोबरच आहे, पण तास मोजायची काळजी जेवढी केली जाते तेवढी तयारी आठवड्यातल्या त्या एका तासाची कुणी करत नाही, ज्यात सुपरवायझरसमोर बसायचं असतं. आणि माझं स्पष्ट मत आहे की लायसन्स मिळाल्यावर तुम्ही कसे थेरपिस्ट होणार हे बऱ्याच अंशी त्या तासात ठरतं. म्हणून इथे दोन्ही लिहितेय, आधी कागदपत्रं आणि मग खरं काम.

मी कॅलिफोर्नियात एलसीएसडब्ल्यू आहे आणि असोसिएट्सना (डिग्री झालेल्या पण लायसन्स अजून न मिळालेल्यांना) सुपरवाइज करते, त्यामुळे आकडे मुख्यतः इथले आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या बोर्डाचं हँडबुक आधी वाचा. न्यूयॉर्कमध्ये एलएमएसडब्ल्यू (मास्टर्सनंतरचं पहिलं लायसन्स) झाल्यावर किमान तीन वर्षांत पसरलेले २००० क्लायंट काँटॅक्ट तास आणि १०० तास सुपरविजन लागतं. टेक्सासमध्ये ३००० तास, १०० तास सुपरविजन आणि किमान २४ महिने. न्यू जर्सीत सलग तीन वर्षांच्या आत १९२० तास क्लायंटसोबत समोरासमोर. लायसन्सचं नावसुद्धा बदलतं, मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टनमध्ये एलआयसीएसडब्ल्यू म्हणतात, मेरीलँडमध्ये एलसीएसडब्ल्यू-सी. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये तसंच चालेल असं अजिबात धरू नका.

आणि हो, मास्टर्स भारतातलं असेल तर त्याच्याही आधीची एक पायरी आहे. डिग्री इथल्या सीएसडब्ल्यूई (सोशल वर्कच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यूच्या बरोबरीची आहे हे सीएसडब्ल्यूईकडूनच तपासून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, मार्कशीट आणि फील्डवर्कची कागदपत्रं कॉलेजकडून मागवावी लागतात, तेव्हा भारतात गेलात की हे काम उरकूनच या.

तीन हजार तासांचं गणित

कॅलिफोर्नियात लायसन्स देणारी संस्था म्हणजे बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस, बीबीएस. डिग्रीनंतर तिथे असोसिएट क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून रजिस्ट्रेशन करायचं. एकूण ३००० तास, कमीत कमी १०४ आठवड्यांत. म्हणजे कितीही धावपळ केलीत तरी दोन वर्षांच्या आत संपत नाही, आणि आठवड्याला ४० च्या वर तास धरत नाहीत, त्यामुळे ओव्हरटाइमचा इथे उपयोग शून्य.

या ३००० पैकी निदान २००० तास क्लिनिकल हवेत, म्हणजे असेसमेंट, डायग्नोसिस, ट्रीटमेंट, आणि त्यातलेही किमान ७५० तास प्रत्यक्ष समोरासमोरच्या वैयक्तिक किंवा ग्रुप सायकोथेरपीचे. उरलेले जास्तीत जास्त १००० तास क्लायंटसाठीची अॅडव्होकसी, कन्सल्टेशन, वर्कशॉप, संशोधन यांतून येऊ शकतात. इथे बरेच जण अडकतात. केस मॅनेजरची नोकरी घेतली, दिवसभर हाउसिंगचे अर्ज, फूड बेनिफिट्स, डॉक्टरकडे पाठपुरावा, काम अगदी मोलाचं, पण दीड वर्षाने लक्षात येतं की हजार नॉन-क्लिनिकल तास कधीच भरून वाहिले आणि थेरपीचे तास जेमतेम दोनशे. म्हणून जॉब ऑफर आली की पगाराच्या आधी हे विचारा की आठवड्याला माझ्याकडे थेरपीचे किती क्लायंट असतील. "हो हो क्लिनिकल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा मागा.

सुपरविजनचा हिशोब असा. ज्या ज्या आठवड्याचे तास धरायचे त्या प्रत्येक आठवड्यात, प्रत्येक कामाच्या ठिकाणी, निदान एक तास वैयक्तिक किंवा दोन तास ग्रुप सुपरविजन झालं पाहिजे. त्या आठवड्यात थेट काउन्सेलिंग १० तासांच्या वर गेलं तर आणखी एक युनिट, म्हणजे पुन्हा एक तास वैयक्तिक किंवा दोन तास ग्रुप. म्हणजे सुपरवायझर दोन आठवडे सुट्टीवर गेला आणि बदली कुणी दिला नाही तर त्या दोन आठवड्यांचे सगळे तास पाण्यात, तुम्ही कितीही क्लायंट बघितलेत तरी. दिवाळीत तुम्ही भारतात गेलात तर प्रश्न नाही, तेव्हा कामच नसतं, पण सुपरवायझरची सुट्टी कधी आहे आणि त्याच्या जागी कोण बसणार हे आधीच विचारून ठेवा. ग्रुपमध्ये आठपेक्षा जास्त जण चालत नाहीत. १०४ पैकी ५२ आठवडे वैयक्तिक किंवा ट्रायाडिक, म्हणजे एक सुपरवायझर आणि दोन असोसिएट, असंच सुपरविजन हवं, आणि किमान १७०० तास एलसीएसडब्ल्यूच्या हाताखाली. बाकीचे तास एलएमएफटी (विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट), सायकॉलॉजिस्ट अशांच्या देखरेखीखालचे चालतात.

रजिस्ट्रेशनचा अर्ज डिग्री मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत बोर्डात पोचला आणि कामाच्या ठिकाणी लाइव्ह स्कॅनचे, म्हणजे पार्श्वभूमी तपासणीसाठीचे डिजिटल, फिंगरप्रिंट काम सुरू व्हायच्या आधी झालेले असतील, तर रजिस्ट्रेशन नंबर यायच्या आधीचे तासही धरले जातात. ९१ व्या दिवशी पोचला की नाही. ग्रॅज्युएशनला आईबाबा आलेले असतात, मग योसेमिटी, मग ग्रँड कॅनियन, आणि अर्ज टेबलावरच राहतो. आधी अर्ज टाका मग फिरायला जा. लाइव्ह स्कॅनच्या फॉर्मची कॉपी मात्र जिवापाड जपा, बोर्ड दोन वर्षांनी मागतं.

अजून एक. तास सहा वर्षांपर्यंतच जिवंत राहतात, म्हणजे लायसन्सचा अर्ज केल्याच्या दिवसापासून मागची सहा वर्षं. मधे बाळंतपण आलं, भारतात जाऊन राहावं लागलं, तर कुठले तास कधी बाद होणार हे लिहून ठेवा.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी

हे कॉलेजात कुणी नीट समजावत नाही. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, एमएसडब्ल्यू केलंत तर ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) १२ महिन्यांचं, आणि सोशल वर्क स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही त्यामुळे पुढचे २४ महिने मिळत नाहीत. इथे लागतात १०४ आठवडे. म्हणजे ओपीटीत लायसन्स पूर्ण होणं गणितातच बसत नाही, एच-वनबी (नोकरीचा व्हिसा) किंवा दुसरा कुठला तरी मार्ग लागणारच. म्हणून पहिली नोकरी शोधतानाच विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलं यांच्याकडे आधी बघा, कारण तिथल्या बऱ्याच जागा एच-वनबीच्या लॉटरीच्या बाहेर असतात. ओपीटीत ९० दिवसांच्या वर बेकार राहता येत नाही हेही डोक्यात असू द्या.

एच-फोरवाल्यांना ईएडी (काम करायचं परवानापत्र) असेल तरच काम करता येतं. "व्हॉलंटिअर म्हणून तास भरते" असा सल्ला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्रास दिला जातो. बोर्डाला व्हॉलंटिअर तास चालतात हे खरं, पण इमिग्रेशनला चालतं का हा वेगळाच प्रश्न आहे, तो इमिग्रेशन वकिलालाच विचारा, बोर्डाला नाही आणि मलाही नाही. आणि व्हिसा कुठलाही असो, १०९९ वर, म्हणजे इंडिपेंडंट काँट्रॅक्टर म्हणून केलेलं काम असोसिएटला कॅलिफोर्नियात धरतच नाहीत. डब्ल्यू-टू (पगारी कर्मचारी) किंवा व्हॉलंटिअर, दोनच पर्याय.

सुपरवायझर निवडताना

मुलाखतीला गेलात की शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात, तिथे लाजू नका. सुपरविजन कोण देणार, त्या व्यक्तीकडे लायसन्स मिळून किती वर्षं झाली (कॅलिफोर्नियात मागच्या पाचपैकी दोन वर्षं तरी सक्रिय लायसन्स हवं), सुपरविजनचं ट्रेनिंग झालंय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीच व्यक्ती तुमची मॅनेजरही आहे का. शेवटचं का विचारायचं ते सांगते. सोशल वर्क सुपरविजनबद्दल लिहिणाऱ्यांत आल्फ्रेड कडुशिन यांचं नाव मोठं, त्यांनी सुपरविजनची तीन कामं सांगितली, प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. मॅनेजर आणि सुपरवायझर एकच असला की पहिलं काम बाकी दोन खाऊन टाकतं. तासातली चाळीस मिनिटं प्रॉडक्टिविटी किती टक्के, नोट्स किती पेंडिंग, पुढच्या महिन्याचं शेड्यूल, यात जातात आणि क्लायंटचं नाव निघतं तेव्हा दार वाजतं. असं असेल तर सरळ विनंती करा की प्रशासकीय गोष्टींसाठी वेगळी वीस मिनिटं ठेवूया. बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांनाही ते आवडत नसतं.

नातेवाईक सुपरवायझर चालत नाही, नवरा-बायको तर नाहीच. आणि मंडळातली ओळखीची ताई सुपरवायझर म्हणून मिळाली तर सोयीचं वाटतं, पण विचार करा, तिच्या घरी हळदीकुंकवाला जाणार आणि सोमवारी तिच्यासमोर स्वतःच्या चुका मांडणार, जमेल का? मला तरी वाटतं बाहेरचं माणूस बरं.

नोकरी सुरू झाली की ६० दिवसांच्या आत सुपरविजन अॅग्रीमेंटवर दोघांच्या सह्या हव्यात. सुपरवायझर तुमच्या एजन्सीचा कर्मचारी नसेल तर एजन्सी आणि तो यांच्यात वेगळा लेखी करार लागतो. व्हिडिओवर सुपरविजन चालतं, पण ते तुमच्यासाठी योग्य आहे का याचं असेसमेंट सुपरवायझरने ६० दिवसांत करायचं असतं. आणि क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगायचं की मी असोसिएट आहे, लायसन्सधारक सुपरवायझरच्या देखरेखीखाली काम करते. काही जणांना वाटतं असं सांगितलं तर क्लायंटचा विश्वास उडेल. नाही उडत. शांतपणे सांगितलं की उलट बरं वाटतं, आपल्या केसवर आणखी एक डोकं चालतंय म्हणून.

वीकली लॉग दुधाच्या हिशोबासारखा, त्या त्या वेळी लिहायचा. दर आठवड्याला सुपरवायझरची सही. तीन महिन्यांचा लॉग एका रात्रीत बसून भरला की आकडे जुळत नाहीत, आणि त्याखाली सही करणारा सुपरवायझर स्वतःचं लायसन्स पणाला लावत असतो. स्कॅन करून स्वतःकडे ठेवा, एजन्सीच्या लॅपटॉपवर नको, नोकरी सुटली की तो लॅपटॉप त्याच दिवशी बंद होतो.

आता तो एक तास

भारतात एमएसडब्ल्यू केलेल्यांना आयसी आठवत असेल, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. फील्डवर्कचा रिपोर्ट घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये जायचं, मॅडम लाल पेनाने खुणा करणार, आपण "हो मॅम" म्हणत वहीत उतरवणार. ती सवय आपल्यात मुरलेली असते, आणि नुसती आयसीची नाही, एकूणच मोठ्यांसमोर "मला कळलं नाही" किंवा "मला पटलं नाही" म्हणायची आपल्याला सवय नसते. आपली मुलं अभ्यासात चोख, नोट्स वेळेवर, डॉक्युमेंटेशनला नाव ठेवायला जागा नाही, आणि सुपरविजनमध्ये विचारलं कसं चाललंय तर उत्तर येतं, सगळं छान. बारा क्लायंट आणि सगळं छान हे शक्यच नाही. सुपरवायझरला खूश करायला ठीक आहे ते, पण त्यातून कुणी काही शिकत नाही, आणि क्लायंटचं तर काहीच भलं होत नाही.

म्हणून माझी पद्धत सांगते, तुम्ही तुमची बनवा. आदल्या दिवशी पंधरा मिनिटं बसा आणि एका कागदावर तीनच गोष्टी लिहा. तातडीचं काही आहे का (आत्महत्येचा विचार, हिंसा, मुलांची किंवा वृद्धांची सुरक्षितता). या आठवड्यात कुठल्या क्लायंटची अपॉइंटमेंट कॅन्सल झाल्यावर मला मनातून बरं वाटलं. आणि कुठल्या सेशनमधला कुठला क्षण अजून डोक्यातून जात नाहीये. दुसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण तोच क्लायंट घेऊन सुपरविजनला जायचं. सगळे क्लायंट वरवर सांगण्यापेक्षा एक क्लायंट आणि चाळीस मिनिटं.

तो क्लायंट आणायचा कसा, तर प्रोसेस रेकॉर्डिंग. फील्डवर्कमध्ये केलं आणि डिग्रीनंतर सुटकेचा श्वास टाकून सगळ्यांनी सोडून दिलं, तेच. अख्खं सेशन लिहायची गरज नाही, पाच-सात मिनिटांचा तुकडा पुरे. एका बाजूला कोण काय बोललं शब्दशः, शेजारी तेव्हा मला काय वाटलं, तिसऱ्या रकान्यात सुपरवायझर लिहिणार. नाव, गाव, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही आणि स्वतःच्या पर्सनल ड्राइव्हवर ठेवायचं नाही.

उदाहरण म्हणून एक तुकडा देते, बनवलेला आहे पण अशा धाटणीचा मी खूप वेळा पाहिलाय. क्लायंट साठीच्या पुढच्या, नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला आलेल्या, मुलगा-सून दिवसभर कामावर, गाडी येत नाही, मराठी बोलणारी थेरपिस्ट मिळाली म्हणून आनंदात.

क्लायंट: आता काय राहिलंय माझं. देवानं लवकर न्यावं, एवढंच मागणं.
वर्कर: असं नका हो बोलू काकू. नातवाची मुंज बघायचीये ना तुम्हाला?
क्लायंट: (हसून) हो, ते आहेच म्हणा.
वर्कर: मग! बरं, झोप कशी आहे आता?

नोटमध्ये काय लिहिलं जातं? मूड सुधारलेला, भविष्याबद्दल सकारात्मक. आणि हा तुकडा शब्दशः लिहून आणला नसता तर सुपरवायझरला हेच कळलं असतं, केस बरी चाललीये. पण कागदावर स्वच्छ दिसतंय की काकूंनी दार किलकिलं केलं आणि वर्करने ते प्रेमाने लावून घेतलं. मुंजीचं बोलणं वाईट नाही, चांगल्या भाचीने हेच म्हटलं असतं. पण काकू भाचीला भेटायला आलेल्या नाहीत. आता सुपरवायझरने विचारायचं, देवानं न्यावं हे ऐकलं तेव्हा तुला काय झालं? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की माझी आजीपण असंच म्हणायची, मला ऐकवेना, शिवाय आपल्याकडे सगळेच म्हातारे असं म्हणतात. तेही खरं, बोलायची पद्धत असू शकते. पण असू शकते म्हणजे आहेच असं नाही, आणि ते ठरवायचा एकच मार्ग म्हणजे विचारणं. मग तिथेच बसून ते वाक्य तयार करायचं आणि मोठ्याने म्हणून बघायचं: "काकू, देवानं न्यावं म्हणता, तेव्हा आपण स्वतःच काही करून घ्यावं असंही कधी मनात येतं का?" पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. दोन-तीनदा म्हटलं की जमतं. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती निराधार आहे, विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर पुढे काय विचारायचं, साधन जवळ आहे का, आधी कधी प्रयत्न केलाय का, घरात कुणाला सांगायचं, याचा क्रम त्याच तासात सुपरवायझरकडून करून घ्यायचा.

सुपरवायझर मराठी नसेल तर काकूंचं वाक्य आधी जसंच्या तसं लिहा, मग अर्थ सांगा, आणि घरातलं चित्र उभं करून द्या. इथे तुमचं ज्ञान त्याच्यापेक्षा जास्त आहे आणि ते सांगणं हा आगाऊपणा नाही. समजा दुसऱ्या एका केसमध्ये क्लायंट सून आहे आणि तो म्हणाला, तिला सासूशी बाउंडरी सेट करायला शिकव. तुम्हाला माहितीये की त्या घरात सकाळी मुलाला डे-केअरला सोडण्यापासून संध्याकाळच्या पोळ्यांपर्यंत सगळं सासूवर चाललंय, आणि हा प्लॅन घेऊन क्लायंट घरी गेली तर तिसऱ्या दिवशी थेरपी बंद होईल. अशा वेळी मान डोलावून बाहेर येऊन मनातलं करू नका, ते सगळ्यात धोक्याचं. असं म्हणा: "तुमचा मुद्दा कळला, पण या घरात सासूला बाजूला ठेवून काही ठरवलं तर टिकणार नाही असं मला वाटतं. तिला एखाद्या सेशनला बोलावलं तर? यावर बोलूया का?" चांगला सुपरवायझर असं ऐकून खूश होतो, मी तर होतेच. तरीही त्याचं मत वेगळंच राहिलं तर कागदोपत्री जबाबदारी त्याची आहे हे लक्षात ठेवून त्याचं ऐका, पण तुमचं मत नोंदवलं गेलंय हे बघा.

एक सीमा मात्र पाळायची. सुपरविजन म्हणजे तुमची थेरपी नाही. आजीची आठवण येऊन काकूंना विचारता आलं नाही, इथपर्यंत सुपरविजन. आजी गेल्याचं दुःख अजून ओलं आहे, तर त्यासाठी स्वतःचा थेरपिस्ट शोधा. यात कमीपणा काही नाही, या कामात असलेल्या बऱ्याच जणांचा असतो.

सुपरवायझरला सांगितलं म्हणजे झालं असं जिथे नसतं

मुलावर अत्याचार होत असल्याचा रास्त संशय आला तर कॅलिफोर्नियात असोसिएट स्वतः मँडेटेड रिपोर्टर असतो, म्हणजे सरकारी यंत्रणेला कळवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक असतं. लगेच फोन, आणि ३६ तासांच्या आत लेखी रिपोर्ट. सुपरवायझरला सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, आणि सुपरवायझर "थांब, अजून बघूया" म्हणाला तरी कायद्याने तो तुम्हाला अडवू शकत नाही. त्याला फोन जरूर करा, रिपोर्ट करताना शेजारी बसवा, पण रिपोर्ट तुमचा. म्हणूनच पहिल्या आठवड्यात सुपरवायझरकडून तीन गोष्टी लिहून घ्या: ऑफिस अवर्सनंतर त्याचा फोन नंबर, तो उचलत नसेल तर दुसरं कोण, आणि क्लायंटला सक्तीने हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली, म्हणजे ५१५० ची, तर तुमच्या एजन्सीत कोण कुणाला बोलावतं. रात्री आठ वाजता क्लायंट समोर रडत असताना हे शोधत बसायचं नसतं.

कॅलिफोर्नियात सगळ्यांना टॅरासॉफ केस शिकवतात, पण एक भाग वर्गात घाईत निघून जातो. १९६९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या प्रोसेनजित पोद्दार या भारतीय विद्यार्थ्याने आपल्या सायकॉलॉजिस्टला, डॉ. लॉरेन्स मूर यांना, एका मुलीला मारण्याचा बेत सांगितला. मूर यांनी कॅम्पस पोलिसांना कळवलं, पत्र लिहिलं. पोलिसांनी पोद्दारला ताब्यात घेतलं आणि तो ठीक वाटतोय म्हणून सोडून दिलं. त्यानंतर मूर यांचे वरिष्ठ डॉ. पॉवेलसन यांनी ते पत्र परत मागवलं, नोट्स नष्ट करायला सांगितल्या आणि पुढे काही करू नका असा आदेश दिला. त्या मुलीला, तातियाना टॅरासॉफला, कुणीच सावध केलं नाही. ऑक्टोबरमध्ये तिचा खून झाला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धोक्यात असलेल्या व्यक्तीचं रक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. मी असोसिएट्सबरोबर ही केस वाचते ती वरिष्ठांच्या त्या आदेशापाशी थांबून वाचते, आणि विचारते की मूर यांच्या जागी तू असतीस तर दुसऱ्या दिवशी कुणाचं दार ठोठावलं असतंस. याचं उत्तर तुमच्या एजन्सीपुरतं तुमच्याकडे तयार असलं पाहिजे. सुपरवायझरच्या वर कोण, लीगल कन्सल्टेशन कुठून मिळतं, नोटमध्ये काय नोंदवायचं.

मंडळ, गणपती आणि क्लायंट

मराठी बोलणारा थेरपिस्ट म्हणून तुमच्याकडे मराठी क्लायंट येणारच, आणि बे एरिया कितीही मोठा असला तरी गणपतीच्या आरतीला सगळे एकाच हॉलमध्ये असतात. एनएएसडब्ल्यूची (सोशल वर्कर्सच्या राष्ट्रीय संघटनेची) आचारसंहिता दुहेरी नात्यांपासून, म्हणजे क्लायंटशी थेरपीबाहेरही नातं असण्यापासून, जपायला सांगते, पण आपल्या समाजात ती पूर्ण टाळता येत नाहीत, म्हणून ती आधीच सुपरविजनमध्ये बोलून ठेवायची. पहिल्या सेशनमध्येच क्लायंटला सांगा की बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही बोललात तर बोलेन. काकूंनी चकल्या आणल्या तर घ्यायच्या की नाही, क्लायंटची सून तुमच्या मुलीच्या मराठी शाळेत शिकवते हे नंतर कळलं तर काय, क्लायंटने विचारलं की तू कुणाची गं, माहेरचं आडनाव काय, तर किती सांगायचं. छोट्या वाटतात या गोष्टी, पण आपल्या लोकांबरोबर काम करताना सुपरविजनचा बराच वेळ यातच जातो आणि जावा. आडनावावरून जात कळते आणि मग काय बदलतं हे माझ्या मराठी नसलेल्या सहकाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. तुम्ही ते बोलून दाखवलं नाहीत तर सुपरविजनमध्ये त्याबद्दल कुणीच बोलणार नाही.

जमत नसेल तर

कधी कधी सुपरविजन खरंच वाईट असतं. तास कायम पुढे ढकलला जातो, सुपरवायझर फोन बघत बसतो, लॉगवर न झालेल्या तासांची सही करायला सांगतो. शेवटचं असेल तर सही करू नका, तिथून निघायची तयारी करा. बाकीच्यासाठी आधी समोर बोला, नेमकं बोला: "गेल्या सहा आठवड्यांत तीनदा आपला तास झाला नाही, माझे तास धरले जात नाहीयेत, कायमची वेळ ठरवूया." तारखा लिहून ठेवा. नाही सुधारलं तर त्याच्या वरच्याकडे, आणि तेही नाही तर बदल.

परीक्षांबद्दल थोडक्यात. कॅलिफोर्नियाची लॉ अँड एथिक्स (कायदा आणि नीतिमत्ता) परीक्षा आधी पास व्हावी लागते, मग एएसडब्ल्यूबीची (सोशल वर्क बोर्डांच्या संघटनेची) क्लिनिकल. पहिली असोसिएट असतानाच उरकून टाका. इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्यांना प्रश्नांची भाषा वेगळीच वाटते, म्हणून दुसऱ्या वर्षापासून महिन्यातून एकदा सुपरविजनमध्ये एखादा सराव प्रश्न घेऊन "आधी काय कराल" यावर वाद घाला, घोकंपट्टीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आणि नोकरी सोडताना, कारण कुठलंही असो, एक्सपीरियन्स व्हेरिफिकेशनचा फॉर्म शेवटच्या दिवसाच्या आधी सही करून हातात घ्या, प्रत्येक सुपरवायझरचा वेगळा. सुपरवायझर रिटायर होतात, राज्य बदलतात, एजन्सी बंद पडतात, आणि मग चौदाशे तासांसाठी लोक लिंक्डइनवर माणूस शोधत फिरतात. नोटीस द्यायच्या आठवड्यातच फॉर्म भरून त्यांच्यासमोर ठेवा, आकडे लॉगशी ताडून बघा, सही मिळाली की स्कॅन करा, आणि मूळ प्रत पासपोर्ट ठेवता तिथे ठेवा.